रेम्ब्रांटचा कित्ता

कोल्हापूरच्या एका माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना मुले बसवणे हा त्या कामाचा मोठा भाग. या काळात मुलांना सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य ऐकवले असेल, तर ‘दुसऱ्याचे बघून काढू नकोस, स्वतःचे काढ.’ कॅलेंडरवरचा गणपती हुबेहूब उतरवून आणणाऱ्या मुलाचे मी कौतुक करत असे, पण त्याला मार्क देताना हात आखडत असे. नक्कल म्हणजे चित्रकला नव्हे, हे मला कॉलेजात शिकवले गेले होते आणि मी ते पुढे शिकवत होतो. त्याच मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका डच चित्रकाराचे एकच चित्र चार वेळा उतरवले. हा लेख त्या चार नकलांविषयी आहे. त्या करताना जे वाचले, तपासले आणि हाताला कळले ते येथे क्रमाने मांडतो.

याचे मूळ मात्र घरातल्या एका चित्रात आहे.

माझे वडील २००९ साली गेले. तेराव्याच्या आत त्यांचे तैलचित्र भिंतीवर लागावे असे सर्वांना वाटत होते आणि घरात चित्रकार असताना बाहेरून का करून घ्यायचे, हा प्रश्न रास्तच होता. त्यांच्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मी मोठा करून घेतला. फोटोवर चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर आखल्या आणि आठ रात्रींत चित्र पुरे केले. त्यांतल्या दोन रात्री फक्त डोळ्यांना दिल्या. पापण्यांचे केस मोजता येतील असे ते डोळे होते. येणारा प्रत्येक जण ‘हुबेहूब’ म्हणाला. आई काही बोलली नाही. महिन्याभराने एकदा हार बदलताना ती म्हणाली, “आहेत रे तेच. पण हे कुणाकडे बघत नाहीत.”

तिने तक्रार केली नव्हती, जे दिसले ते सांगितले होते. त्यानंतर ते चित्र मला नीट बघवेना. नाक, ओठ, कपाळ सारे जागच्या जागी होते. मग चुकले कुठे, हे मला सांगता येत नव्हते, आणि चूक सांगता न येणे ही शिक्षकाला फार लागणारी गोष्ट आहे.

नक्कल आणि कित्ता

आपल्या भाषेत ‘नक्कल’ या शब्दाला बरा वास नाही. नकली माल, नकलाकार, परीक्षेतली कॉपी, सगळे एकाच गोतावळ्यातले. पण त्याच भाषेत ‘कित्ता’ हा शब्द आहे आणि तो मानाचा आहे. थोरांचा कित्ता गिरवावा असे आपण म्हणतो, थोरांची नक्कल करावी असे म्हणत नाही. दोन्हींत दुसऱ्याचे बघूनच काढायचे असते. मग फरक काय?

मुलाला ‘अ’ गिरवायला देताना आपण त्याला नुसता आकार दाखवत नाही. कुठून सुरुवात करायची, हात कोणत्या दिशेने न्यायचा, कुठे थांबायचे, काना कधी द्यायचा हे दाखवतो. उलट्या दिशेने काढलेला ‘अ’ पाटीवर अगदी बरोबर दिसू शकतो. ते मूल भरभर लिहायला लागले की मात्र तो मोडतो. आकार बरोबर असला तरी अक्षराला वळण लागलेले नसते. ‘वळण’ हा शब्द आपण हस्ताक्षरालाही वापरतो आणि स्वभावालाही, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने करण्याचा आहे. नक्कल आकाराची असते, कित्ता क्रमाचा असतो. हे सूत्र मी पुष्कळ उशिरा मांडले. आधी हाताने बऱ्याच चुका कराव्या लागल्या.

जुन्या युरोपीय चित्रशाळांत शिक्षणाची सुरुवातच कित्त्याने होई. रेम्ब्रांट हा याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्याने कित्ता गिरवलाही आणि गिरवायलाही लावला. लायडन गावात १६०६ साली जन्मलेला हा चित्रकार तरुणपणी ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमान या चित्रकाराकडे सुमारे सहा महिने शिकला. गंमत अशी की पुढे १६३० च्या दशकात, स्वतःचे नाव झाल्यावर, त्याने लास्टमानची चित्रे समोर ठेवून रेखाटने केली. म्हणजे कित्ता हा केवळ शिकाऊ वयाचा भाग नव्हता. फेब्रुवारी १६२८ मध्ये चौदा वर्षांचा गेरिट डाऊ त्याच्याकडे शिकायला आला. तेव्हा गुरू स्वतः अवघा एकवीस वर्षांचा होता. पुढे ॲमस्टरडॅममध्ये शिष्यांची संख्या वाढली. सांद्रार्त या त्याच्या समकालीन चित्रकार-लेखकाने लिहून ठेवले आहे, की प्रत्येक शिष्य वर्षाला शंभर गिल्डर फी देई आणि शिष्यांनी केलेल्या कामाच्या विक्रीतून रेम्ब्रांटला आणखी दोन ते अडीच हजार गिल्डर मिळत. शिष्याने गुरूच्या चित्राची केलेली प्रत बाजारात विकली जाणे यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. या व्यवहाराने पुढे इतिहासकारांची झोप उडवली, ते पुढे येईलच.

चित्राची निवड

मी निवडलेले चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. रेम्ब्रांटने १६२८ च्या सुमारास, बावीसएक वर्षांचा असताना, लाकडी फळीवर केलेले हे स्वतःचेच चित्र. उंची २२.६ सेंटीमीटर आणि रुंदी १८.७, म्हणजे शाळेच्या वहीएवढे. निवडीची कारणे अगदी व्यवहारी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूळ आकारात करता येईल असे ते होते. रंग मोजके होते: पांढरा, काळा, पिवळी माती, तपकिरी माती आणि थोडा लाल. शिवाय या संग्रहालयाने २०१२ पासून आपल्या चित्रांची अतिशय सूक्ष्म तपशील दाखवणारी छायाचित्रे विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली आहे. मी ते छायाचित्र उतरवले आणि मूळ मापात छापून आणले.

आणखी एक कारण होते. या चित्रात डोळे जवळजवळ दिसत नाहीत.

चित्रातल्या तरुणाच्या मागे फिकट, उजळ भिंत आहे. उजेड आपल्या डाव्या बाजूने, किंचित मागून येतो. तो त्याची मान, कानाची पाळी, गालाचा एक भाग आणि नाकाचा शेंडा एवढ्यांनाच स्पर्श करतो. बाकीचा चेहरा, कपाळ आणि दोन्ही डोळे सावलीत आहेत. व्यक्तिचित्रात चित्रकार सर्वांत आधी ज्या गोष्टी उजेडात आणील, नेमक्या त्याच येथे अंधारात ठेवल्या आहेत. आणि तरीही थोडा वेळ चित्रासमोर बसले की सावलीतून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे याची जाणीव होते. वडिलांच्या चित्रातले रेखीव डोळे बघत नव्हते आणि हे न दिसणारे डोळे बघत होते. मला याचे उत्तर हवे होते.

पहिली नक्कल

पहिल्या वेळी मी तेच केले जे हाताला माहीत होते. एमडीएफची पाटी कापली, पांढरे अस्तर दिले, छापील चित्रावर आणि पाटीवर चौकटी आखल्या आणि पेन्सिलीने बाह्यरेषा उतरवली. डोळे दिसत नव्हते म्हणून संगणकावर छायाचित्र उजळ करून पाहिले. पापण्या, बुबुळे सापडली. ती नीट रेखून घेतली आणि वरून सावलीचा रंग दिला. केस बारीक ब्रशने एकेक करून काढले. पंधरा दिवसांनी चित्र पुरे झाले.

मापे बरोबर होती. तरुण मात्र भिंतीवर कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. केस विगसारखे वाटत होते. डोळे सावलीत होते, पण मी ते आधीच शोधून ठेवलेले असल्यामुळे बघणाऱ्याला शोधायला काही उरले नव्हते. आईने जाता जाता पाहिले आणि विचारले, “हा कोण? याची तब्येत बरी नाही का?”

या सुमारास मला द हेग आणि न्यूरेंबर्ग येथील दोन चित्रांची कथा वाचायला मिळाली. तिने माझ्या चुकीला नाव दिले.

दोन सारखी चित्रे

रेम्ब्रांटचे १६२९ च्या सुमाराचे आणखी एक आत्मचित्र आहे. गळ्याभोवती चिलखताची लोखंडी पट्टी आहे आणि वरून पांढरी कॉलर. या चित्राच्या दोन आवृत्त्या आहेत, दोन्ही लाकडावर, दोन्ही साधारण एकाच आकाराच्या. एक हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात, दुसरी न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनलम्युझियममध्ये. दीर्घकाळ सर्वांची समजूत अशी होती की हेगचे चित्र अस्सल आणि न्यूरेंबर्गचे ही त्याची प्रत. समजूत स्वाभाविक होती. हेगचे चित्र अधिक सफाईदार आहे, त्वचा गुळगुळीत आहे आणि प्रत्येक तपशील पुरा केलेला आहे. न्यूरेंबर्गचे चित्र त्यामानाने मोकळे, फटकाऱ्यांचे आहे.

१९९० च्या दशकात या समजुतीला धक्का बसला. अवरक्त किरणांनी तपासणी केली की वरच्या रंगाखाली काळ्या पदार्थाने केलेले रेखाटन दिसू शकते. हेगच्या चित्राखाली असे काळजीपूर्वक केलेले रेखाटन सापडले. चेहऱ्याच्या आणि कपड्यांच्या रेषा आधी नीट आखून घेऊन मग रंग भरला होता. रेम्ब्रांटची अशी रीत नव्हती. तो पातळ तपकिरी रंगाने थेट फळीवर मांडणी करत असे आणि रंगवता रंगवता बदलत असे. निष्कर्ष उलटा निघाला: न्यूरेंबर्गचे चित्र अस्सल आणि हेगचे त्याच्या चित्रशाळेतल्या कोणाचे तरी. संग्रहालयाने हा निष्कर्ष स्वीकारला. चित्र आजही तेथे आहे, पण रेम्ब्रांटचे म्हणून नव्हे, त्यावरून केलेली प्रत म्हणून.

हे प्रकरण सहसा तंत्रज्ञानाचा विजय म्हणून सांगितले जाते. माझ्यासारख्याला त्यात वेगळेच दिसले. प्रत करणारा अडाणी नव्हता. त्याचा हात इतका तयार होता की पिढ्यान्‌पिढ्या जाणकार फसले. तो उघडा पडला तो कौशल्याच्या अभावाने नव्हे. त्याला चित्राचा शेवट आधीच ठाऊक होता. शेवट ठाऊक असलेला माणूस बाह्यरेषेपासून सुरुवात करतो, कारण रेषा कुठे पडणार हे त्याला माहीत असते. मूळ चित्रकाराला ते माहीत नव्हते. कॉलर कुठे संपेल, गालाची कड किती उजळ लागेल हे त्याला रंगवतानाच ठरवावे लागत होते. न्यूरेंबर्गच्या चित्रातला मोकळेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, त्या ठरवण्याच्या त्या खुणा आहेत. सफाई आली ती प्रत करणाऱ्याकडून.

मी पाटीवर आखलेल्या चौकटी आणि हेगच्या चित्राखालचे रेखाटन एकाच जातीचे होते. वडिलांच्या चित्राखालीही तेच होते.

क्रम

मग क्रम कसा कळणार? पूर्ण झालेले चित्र आपला क्रम झाकूनच समोर येते. येथे संशोधकांची मदत होते. १९६८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘रेम्ब्रांट रिसर्च प्रोजेक्ट’ सुरू झाला. रेम्ब्रांटच्या नावावरचे प्रत्येक चित्र क्ष-किरण, रंगथरांचे सूक्ष्म नमुने, फळीच्या लाकडाचे वय अशा साधनांनी तपासणे हा त्याचा उद्देश. या प्रकल्पातील एर्न्स्ट फान दे वेटेरिंग हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले अभ्यासक होते. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. रेम्ब्रांट मागून पुढे रंगवत असे. आधी पार्श्वभूमी, मग मागच्या वस्तू, शेवटी सर्वांत पुढचा भाग. सुरुवातीच्या तपकिरी मांडणीत पुढच्या आकृतीची जागा तो राखून ठेवी, पण तिच्यावर अखेरचा रंग सर्वांत शेवटी चढे.

दुसऱ्या वेळी मी पेन्सिल घेतलीच नाही. पाटीला पांढरे अस्तर दिल्यावर त्यावर पिवळसर तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात फिरवला. त्या काळचे डच चित्रकार खडू आणि सरसाच्या अस्तरावर असाच पातळ थर देत. या मधल्या रंगामुळे उजेड आणि सावली दोन्ही पहिल्या दिवसापासून तोलता येतात. पांढऱ्या पाटीवर प्रत्येक रंग काळाच दिसतो. मग पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने डोळे किलकिले करून फक्त काळोखाचे आकार मांडले. डोक्याचा एक, खांद्यांचा एक, बस्स. नाक, डोळे काही नाही.

दुसऱ्या दिवशी भिंत रंगवली. केवढी मोठी गोष्ट होती ती! आतापर्यंत पार्श्वभूमी म्हणजे चित्र झाल्यावर उरलेली जागा असे मी समजत होतो आणि मुलांनाही तसेच शिकवत होतो. येथे भिंतीचा उजळ राखाडी रंग गालाच्या कडेपर्यंत येऊन थांबला आणि गालाला अजून एक ठिपकाही न लावता गाल पुढे आला. भिंतीचा उजेड ठरला की चेहऱ्यावरचा उजेड किती असू शकतो हे आपोआप ठरते. चेहरा आधी रंगवला तर हे उलटे होते. चेहऱ्याला हवा तेवढा उजेड देऊन बसतो आणि मग त्याला कोणत्याच भिंतीपुढे उभे करता येत नाही.

तिसरा धडा जाडीचा होता. सावलीचा रंग पातळ, इतका की खालचा तपकिरी थर त्यातून जाणवावा. उजेडाचा रंग जाड. नाकाच्या शेंड्यावरचा आणि मानेवरचा पांढरा रंग पृष्ठभागावर खरोखर उंच उठलेला असतो आणि खोलीतला उजेड त्यावर अडतो. रेम्ब्रांटचा पांढरा शिशाचा होता, विषारी पण चिवट. मी टिटॅनियम व्हाइटवर भागवले. तो थंड दिसतो म्हणून त्यात चिमूटभर यलो ऑकर घालावा लागला.

केसांपाशी दुसरी नक्कलही फसली. या चित्रातल्या कुरळ्या बटा रेम्ब्रांटने ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडून काढल्या आहेत. म्हणजे तेथे रंग लावलेला नाही, काढलेला आहे. मला हे वाचून माहीत होते, पण मी केसांचा गडद रंग दिला आणि रविवार गाठून ओरखडायला बसलो. रंग अर्धा वाळला होता. बटांऐवजी खपल्या निघाल्या. तेव्हा कळले की हे ओरखडे म्हणजे शोभेची युक्ती नाही. रंग ओला असताना, त्याच बैठकीत, एका झटक्यात ते व्हायला हवेत आणि चुकले तर पुसून सारे केस पुन्हा. असे ओरखडे काढणाऱ्याला आपला हात कुठे वळणार ते अर्धेच माहीत असते. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी मी ते त्याच दिवशी केले. माझ्या बटा त्याच्या बटांसारख्या वळल्या नाहीत, पण त्या केसांसारख्या दिसल्या.

आणि डोळे? चौथ्या नकलेत मी डोळे काढलेच नाहीत. सावलीच्या आत सावलीच दोन ठिकाणी किंचित दाट केली. लांबून पाहिले तर तो बघत होता.

कित्त्याची मर्यादा

एवढे झाल्यावर कित्त्याचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे. पण त्याची मर्यादाही जुन्यांना ठाऊक होती. लंडनच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १६६९ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, १७६९ मध्ये विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणात सरसकट प्रती काढण्याविरुद्ध इशारा दिला होता. त्यांच्या मते हा उद्योगीपणाचा आभास आहे. हात चालतो, डोके झोपते, आणि विद्यार्थ्याला आपण काही केले असे समाधान मात्र मिळते. (१६६९ हे रेम्ब्रांटच्या मृत्यूचे साल, म्हणून दोन्ही आकडे माझ्या डोक्यात जोडलेले राहिले.) माझी पहिली नक्कल रेनॉल्ड्सच्या इशाऱ्यात अचूक बसते.

आपल्याकडचा दाखला अजिंठ्याचा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. या प्रतींपैकी बऱ्याच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेल्या. पण ज्यांनी त्या केल्या त्यांचे हात उरले. त्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. त्यांनी रंगवले ते आपल्या भोवतालच्या पारशी घरांतले लोक, अजिंठ्यातले बोधिसत्त्व नव्हेत. कित्ता सुटला, वळण राहिले.

आमच्या गोव्याकडचे उदाहरण तर थेट रेम्ब्रांटचेच नाव लावणारे आहे. आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे सांग्यात जन्मलेले चित्रकार (१८७०–१९३५). जे. जे.मध्ये शिकले आणि तेथेच शिकवले. ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ अशी त्यांची ओळख होती. पणजीच्या फोंताइन्यास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांचा संग्रह आहे. कोल्हापूरहून तेथे जाणे सोपे, म्हणून मी गेलो. डच टोप्या, चिलखते यांचा तेथे मागमूस नाही. घरातली माणसे आहेत, साड्या आहेत, आपल्याकडचा उजेड आहे. पण चेहऱ्याचा कोणता भाग काळोखाला द्यायचा हा निर्णय त्या डच माणसाच्या घराण्यातला वाटतो.

ही देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असेही नाही. १६०० च्या सुमारास मोगल दरबारातल्या अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या मुद्राचित्रातील संत जॉनची आकृती उतरवली. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. हाच मुलगा पुढे जहांगीरचा आवडता चित्रकार झाला. आणि त्यानंतर अर्धशतकाने, १६५६ ते १६६१ या काळात, रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रे समोर ठेवून रेखाटने केली. त्यांतली तेवीसएक आज टिकून आहेत. जहांगीर, शहाजहान, दारा शुकोह यांच्या आकृती त्याने आशियाई कागदावर काढल्या. एरवी भरधाव, जाड चालणारी त्याची लेखणी येथे बारीक आणि सावध झाली आहे. १६५६ हे त्याच्या दिवाळखोरीचे साल, वय पन्नास. ज्याच्या प्रती काढून पोटे भरली जात होती, तो माणूस कर्जात बुडालेला असताना अनोळखी देशातल्या अनोळखी चित्रकारांचे बघून रेषा गिरवत होता. बावन्नाव्या वर्षी शिकायला बसल्याची माझी लाज हे वाचल्यावर गेली.

मूळ चित्रासमोर

माझी मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा राइक्सम्युझियममध्ये ते चित्र पाहिले. चार वेळा गिरवलेले अक्षर पहिल्यांदा शाईत पाहावे तसे झाले. छापील कागदाने मला दोन गोष्टी चुकीच्या शिकवल्या होत्या. सावल्या मी समजत होतो तितक्या काळ्या नव्हत्या, उबदार होत्या. आणि चित्र स्थिर नव्हते. मी जरा बाजूला सरकलो की मानेवरचा जाड रंग चमकायचा थांबे आणि बटांचे ओरखडे उठून दिसत. कागदावर सारे एका पातळीवर असते. मूळ चित्राला उंची आणि खोली आहे, आणि ती मिलिमीटरात असली तरी डोळ्याला कळते. ज्याला शक्य असेल त्याने मूळ चित्रावरून शिकावे. ज्याला नाही, त्याने कागद आपल्याला काय सांगत नाही याची नोंद ठेवून शिकावे.

दुसऱ्या दिवशी हेगला जाऊन ती प्रतही पाहिली. तिच्यासमोर मी जास्त वेळ उभा राहिलो. फार सुंदर केली आहे. कोणा शिकाऊ मुलाने जीव ओतला असणार.

आईचे चित्र

परत आल्यावर आईला म्हटले, “तू बस. तुझे चित्र काढतो.”

“आता काढून ठेवतोयस होय?” ती म्हणाली. तिला त्र्याऐंशी पूर्ण झाली होती. दोघांनाही त्याचा अर्थ कळला आणि दोघेही हसलो.

फोटो काढला नाही. मागल्या दाराशी ती रोज सकाळी भाजी निवडत बसते तेथेच बसवले. उजेड डावीकडून, परसातून येतो. पहिल्या दिवशी पाटीवर तपकिरी रंगाने डोके आणि खांदे मांडले. दुसऱ्या दिवशी मागची भिंत रंगवली. चुन्याची, पोपडे आलेली, खाली तेलकट हात लागून काळवंडलेली भिंत. आई उठून बघायला आली. भिंतच दिसली.

“मी कुठाय?”

“यायची आहेस अजून.”

“आणि डोळे कधी काढणार?”

“सगळ्यात शेवटी.”

“मग तोवर झोपते,” म्हणून तिने खरेच डोळे मिटले. मेथीची जुडी मांडीवर तशीच. मला चेहरा तसाही सावलीतच हवा होता. मान खाली गेल्यावर उजेड कानावर, गालफडावर आणि नाकाच्या शेंड्यावर तेवढा उरला. मी रेम्ब्रांटचा विचार करत नव्हतो. पातळ, जाड, मागचे आधी, पुढचे नंतर, हे हात आपोआप करत होता. मध्येच तिने डोळे उघडले, मी कुठे आहे ते बघितले आणि पुन्हा मिटले. तेवढेच मी घेतले.

सहा बैठकी झाल्या. पदराच्या काठाला ओल्या रंगात ब्रशचे मागचे टोक फिरवले, ते एका ठिकाणी चुकले आणि चुकलेलेच ठेवले. चित्र पुरे झाले का, हे मला सांगता येणार नाही. हनुवटी अजून कच्ची आहे.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. म्हणाली, “नाक तुझ्या आजीचं आलंय.” मग भिंतीवरच्या वडिलांकडे बोट करून, “यांचंही असं काढ की.”

त्यांचा तो फोटो मी पुन्हा बाहेर काढला. समोरून फ्लॅश मारून घेतलेला. चेहऱ्यावर सावली म्हणून कुठेच नाही, मागची भिंत म्हणजे निळा पडदा. त्यातून मागचे-पुढचे काही निघत नाही. मी आईला तसे सांगितले. ती म्हणाली, “मग मला विचार. ते कुठं बसायचे, उजेड कुठून यायचा, मी सांगते.”

सध्या ती सांगते आहे आणि मी भिंत रंगवतो आहे.